कॉलेजआधी एक वर्ष जंगलात: पगारी पर्यावरण-सेवा (कन्झर्व्हेशन कोअर), अनुभव आणि शंका

निशिगंध

मुलगी यंदा इथे अमेरिकेत हायस्कूल संपवते आहे. कॉलेजात प्रवेश झालाय आणि कॉलेजने तो एक वर्ष राखून ठेवायलाही होकार दिलाय. कारण मॅडमना हे वर्ष 'कन्झर्व्हेशन कोअर'मध्ये घालवायचं आहे. अठरा ते पंचवीस-सव्वीस वयाच्या मुलामुलींच्या तुकड्या करतात. जंगलातल्या पायवाटा दुरुस्त करणं, परकी झुडपं मुळासकट काढणं, ओढ्याकाठी झाडं लावणं, वणव्याच्या हंगामाआधी वाळलेलं जळण साफ करणं अशी कामं असतात, आणि त्याचे पैसे मिळतात.

दोन महिने घरात दुसरा विषय नाही. नवऱ्याचं म्हणणं एवढंच, की आपण इतक्या लांब आलो ते पोरीने कुदळ मारावी म्हणून नाही. माझं मन रोज बदलतं. तिचा चेहरा बघितला की वाटतं जाऊ दे, आणि रात्री झोप उडते.

आतापर्यंत जे वाचलं त्यावरून मला तीन प्रकार दिसतात. पहिला, केंद्र सरकारच्या अमेरिकॉर्प्स या सेवा-योजनेचा एनसीसीसी (नॅशनल सिव्हिलियन कम्युनिटी कोअर). वय १८ ते २६, मुदत १० महिने, राहणं-जेवण-गणवेश त्यांचा, हातात थोडा भत्ता, आणि शेवटी शिक्षणासाठी ठरावीक रक्कम. दुसरा, राज्यांचे स्वतःचे कोअर. कॅलिफोर्नियाचा सगळ्यात जुना, १९७६ साली गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी सुरू केलेला. तिथे मुलं राज्याच्या किमान वेतनाच्या हिशेबाने पगार घेतात, वसतिगृहात राहिलं तर राहण्या-जेवण्याचे पैसे त्यातून कापतात. तिसरा, स्टुडंट कन्झर्व्हेशन असोसिएशनसारख्या बिनसरकारी संस्था. ही संस्था कशी सुरू झाली ते वाचून मी थक्क झाले. एलिझाबेथ कशमन नावाच्या मुलीने १९५५ साली कॉलेजच्या प्रबंधात मांडलं, की राष्ट्रीय उद्यानांची दुर्दशा झाली आहे आणि विद्यार्थ्यांना कामाला लावा. नुसतं लिहून थांबली नाही. १९५७ साली ऑलिंपिक आणि ग्रँड टीटन उद्यानांत मुलांची पहिली तुकडी उभी राहिली.

इथे कोणी स्वतः केलंय का? किंवा मुलांना पाठवलंय? पैसे, सुरक्षितता आणि 'पुढे काय' या तिन्हीबद्दल मोकळेपणाने लिहा. आम्ही कॅलिफोर्नियात आहोत.

वाटसरू

निशिगंधताई, मी केलंय. पंधरा वर्षं झाली. एका कोअरच्या पायवाट-तुकडीत एक उन्हाळा, पुढच्या वर्षी तुकडीप्रमुख म्हणून दुसरा.

'पायवाट दुरुस्ती' म्हटलं की लोकांना वाटतं झाडू मारायचा. खरं काम पाण्याशी असतं. डोंगरउतारावरच्या पायवाटेला पाणी ओढा समजतं. दोन पावसाळे लक्ष दिलं नाही की वाटेची घळ होते, लोक घळीच्या कडेने चालायला लागतात, तिथलं गवत मरतं, मग तिथेही घळ. म्हणून वाटेत तिरकी दगडी पट्टी बसवतात, पाणी बाजूला काढायला. आमच्यात तिला 'वॉटर बार' म्हणत. एक दगड बसवायला दोघांना सकाळ जायची. दगड शोधायचा, पहारीने लोळवत आणायचा, त्याच्या आकाराचा खड्डा खणायचा, आणि दोन-तृतीयांश दगड जमिनीखाली जाईल असा बसवायचा. मग प्रमुख येऊन त्यावर उभी राहायची आणि अंगाचं वजन या पायावरून त्या पायावर घ्यायची. दगड किंचित जरी डुलला तरी ती काही न बोलता पुढे जायची. आपण समजायचं, काढा आणि परत बसवा. पहिल्या आठवड्यात माझा एकच दगड चार वेळा निघाला होता. चौथ्यांदा मला रडू येत होतं. पाचव्यांदा ती उभी राहिली, दगड हलला नाही, आणि तिने मान डोलावली. ती मान अजून आठवते.

आणखी एक. १९६४ च्या विल्डरनेस कायद्याखालच्या जंगलात यंत्राची करवत चालत नाही. तिथे आडवा पडलेला ओंडका दोघांनी ओढायच्या लांब करवतीने कापतात. यात ढकलायचं नसतं, फक्त आपल्या बाजूला ओढायचं आणि मग सोडून द्यायचं. समोरच्याने ओढताना आपण जोर लावला तर पातं वाकतं. मी घरात शेंडेफळ, दुसऱ्याच्या तालावर चालायची सवयच नव्हती. ती तिथे लागली.

सुरक्षितता: हेल्मेट, हातमोजे, चष्मा याबाबत फार कडक असतात. खरा धोका थकवा आणि गाडीचा प्रवास. आठ-नऊ दिवस डोंगरात राहून काम (याला 'हिच' म्हणतात) झालं की परतीच्या रस्त्यावर गाडी कोण चालवणार, त्याची झोप झाली आहे का, हे विचारा. तेवढा एक प्रश्न मुलाखतीत जरूर विचारायला सांगा.

अबोली२१

पैशांबद्दल थोडं, मी कर-सल्ल्याचं काम करते म्हणून.

अमेरिकॉर्प्सची पूर्ण मुदत म्हणजे १७०० तास. ते भरले की मिळणारी शिक्षणाची रक्कम त्या वर्षीच्या कमाल पेल ग्रँटइतकी (गरजू विद्यार्थ्यांना केंद्राकडून मिळणारी मदत) असते. २०२४-२५ साली कमाल पेल ग्रँट ७,३९५ डॉलर होती. ती हातात रोख मिळत नाही, थेट कॉलेजला किंवा शैक्षणिक कर्जाला जाते, आणि सात वर्षांत वापरायची असते. लोक विसरतात ते पुढचं: ज्या वर्षी वापराल त्या वर्षी ती उत्पन्नात धरली जाते. एकदम सगळी वापरली तर एकदम सगळ्यावर कर. काही कॉलेजं ही रक्कम आल्यावर स्वतःकडून तेवढीच भर घालतात, तेव्हा प्रवेश राखून ठेवलेल्या कॉलेजला आधीच ईमेल करा.

सेवेच्या काळात केंद्रीय शैक्षणिक कर्जाचे हप्ते थांबवता येतात आणि मुदत पूर्ण केली तर त्या काळातलं व्याजही भरलं जातं. आरोग्यविमा पूर्ण वेळ सदस्यांना असतोच, शिवाय २६ वर्षांपर्यंत ती तुमच्या विम्यात राहू शकते.

चाफेकळी

सगळ्यांचं वाचून छान वाटलं, पण एक सलतं ते लिहितेच.

माझा मुलगा अशाच एका संस्थेत गेला होता, नाव लिहीत नाही. तुकडीत दहा जण. त्यातला एक मुलगा कामात सगळ्यांत तरबेज. लहानपणापासून आजोबांबरोबर लाकूडकाम केलेला, करवतीला धार लावायची तर सगळे त्याच्याकडे जात. तिसऱ्या महिन्यात तो सोडून गेला. कारण भत्त्यातून तो घरी काही पाठवू शकत नव्हता आणि आईचं घरभाडं थकलं होतं. माझा मुलगा शेवटपर्यंत टिकला. का टिकला? फोनचं बिल आम्ही भरत होतो, बूट आम्ही घेऊन दिले होते, सुट्टीचं तिकीट आम्ही काढत होतो. मुलाच्या हातात शेवटी प्रमाणपत्र आलं, शिक्षणाची रक्कम आली, आणि त्या मुलाच्या हातात काहीच नाही. मुदत पूर्ण न केल्यामुळे पूर्ण रक्कम नाही.

'सेवा' म्हणायचं आणि पोटापुरतंही द्यायचं नाही, तर ती सेवा फक्त खात्यापित्या घरच्या मुलांना परवडते. माझं म्हणणं कोणाला दुखावण्यासाठी नाही. मी स्वतःच्याच मुलाबद्दल लिहिते आहे.

जुनंपान

चाफेकळी, तुमची पोस्ट वाचून हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. कारण या सगळ्याचं मूळ जिथे आहे तिथे नेमका हाच प्रश्न आधी सोडवला होता.

महामंदीच्या काळात, १९३३ च्या मार्चमध्ये रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअरच्या कायद्यावर सही झाली. १७ एप्रिलला व्हर्जिनियात पहिली छावणी उभी होती. निवड मजूर खात्याकडे, छावण्या चालवायच्या सैन्याने, कामं शेती आणि अंतर्गत खात्यांनी ठरवायची. नऊ वर्षांत, १९४२ पर्यंत, साधारण ३० लाख तरुण त्यातून गेले आणि ३०० कोटींवर झाडं लागली. शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानातल्या स्कायलाइन ड्राइव्हवर पानगळ बघायला आपल्यापैकी बरेच जण गेले असतील. रस्त्याकडेच्या दगडी भिंती, गाडी थांबवून दरी बघायच्या जागा, यात त्या पोरांचे हात आहेत. कोलोराडोचं रेड रॉक्सचं खुलं नाट्यगृहही त्यांचंच.

आता पगार. महिना ३० डॉलर, आणि त्यातले २५ थेट घरी पाठवले जात. सुरुवातीला घ्यायचेच मुळी मदतीवर जगणाऱ्या कुटुंबातले मुलगे. म्हणजे घरची चूल पेटती राहावी हा योजनेचा पायाच होता. जेवण, कपडे, निवारा, दवाखाना छावणीत. खिशात पाच डॉलर. ज्या मुलाला तुम्ही तिसऱ्या महिन्यात घरी जाताना पाहिलंत, त्याच्यासाठीच ती योजना होती.

तरीही त्या वेळी कामगार संघटना चिडल्या होत्या. अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरचे अध्यक्ष विल्यम ग्रीन म्हणाले, दिवसाला एक डॉलर दिलात तर सगळ्या मजुरांचा दर खाली येईल. त्यांची समजूत काढण्याचा एक भाग म्हणून रूझवेल्टनी संचालक नेमला तोच मुळी यंत्रकामगारांच्या संघटनेचा उपाध्यक्ष, रॉबर्ट फेकनर. ग्रीन यांचा आक्षेप मला आजही बरोबर वाटतो. स्वस्त हात मिळाले की कायमच्या माणसांची भरती थांबते.

काळी बाजूही लिहायला हवी. कृष्णवर्णीय मुलांच्या छावण्या पुढे वेगळ्या करण्यात आल्या. मुलींना तर प्रवेशच नव्हता. रूझवेल्ट यांच्या पत्नी एलिनॉर यांच्या आग्रहाने त्यांच्यासाठी वेगळी शिबिरं निघाली, त्यांत जेमतेम साडेआठ हजार जणी. ३० लाख आणि साडेआठ हजार. निशिगंध, तुमची मुलगी आज ज्या अर्जावर सही करते आहे त्यावर तिच्या पणजीच्या वयाच्या अमेरिकन मुलींना नावही लिहिता आलं नसतं.

गवतफुला

मी जर्मनीतून लिहिते आहे. इथे याला 'फ्रायविलिगेस ओकोलोगिशेस यार' म्हणतात, ऐच्छिक पर्यावरणीय वर्ष. सगळे नुसतं एफओयेच म्हणतात. लोअर सॅक्सनी राज्यात १९८७ साली प्रयोग म्हणून सुरू झालं, १९९३ साली देशासाठी कायदा झाला. शालेय सक्ती संपल्यावर २७ वर्षांच्या आत करता येतं, बहुतेक जण शाळा संपल्यावर ऑगस्ट-सप्टेंबरपासून बारा महिने करतात.

इथेही हातात येतो तो खिसेभत्ताच, त्यावर कोणी घर चालवू शकत नाही. चाफेकळींचा मुद्दा इथेही लागू आहे आणि दरवर्षी तरुण मुलं त्यासाठी आवाज उठवतात. पण दोन गोष्टी मला आवडतात. एक, सामाजिक विम्याचे हप्ते संस्था भरते, म्हणजे ते वर्ष निवृत्तिवेतनाच्या हिशेबातही धरलं जातं. दोन, वर्षाला २५ दिवस परिसंवाद सक्तीचे. आमच्या शेजारची मुलगी समुद्रकाठच्या पक्षी-निरीक्षण केंद्रात होती. भरती-ओहोटी बघून पक्षी मोजायचे, आणि परिसंवादात सगळ्या केंद्रांतली मुलं एकत्र येऊन काय चुकतं आहे ते मांडायची. तिला वर्षभरात कळलं की तिला जीवशास्त्र नको आहे, तिला कायदा शिकायचा आहे. आईवडिलांना धक्का बसला. मला मात्र वाटतं, हे अठराव्या वर्षी कळलं ते किती बरं झालं.

रानजाई

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण कोणी दिलं नाही म्हणून. इथे २०१४ साली 'ग्रीन आर्मी' निघाली. १७ ते २४ वयाची मुलं, साधारण सहा महिने, तण काढणं, कुंपणं, रोपं. पैसे किमान वेतनापेक्षा कमी. त्याहून वाईट, कायद्यातच लिहिलं होतं की ही मुलं 'कर्मचारी' धरली जाणार नाहीत. मग काम करताना इजा झाली तर त्याचं काय, हा प्रश्न संसदेत गाजला. २०१८ पर्यंत योजना गुंडाळली. झाडं लावली, पण वाढवायला कोणी नाही.

दुसरं टोक दक्षिण आफ्रिकेचं. १९९५ साली मंत्री कादर अस्माल यांनी 'वर्किंग फॉर वॉटर' सुरू केलं. बाहेरून आलेली वॅटल, पाइन, निलगिरीची झाडं पाणलोटातलं पाणी पितात आणि धरणात कमी पाणी येतं, हे शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं होतं. सरकारने बेरोजगारांना मजुरी देऊन ती झाडं तोडायला लावली, त्यात बायका आणि तरुणांना प्राधान्य. तिथे कोणी 'सेवा' हा शब्द पुढे केला नाही. काम आहे, त्याची मजुरी आहे, आणि त्यातून पाणी मिळतं. मला ही भाषा जास्त सरळ वाटते.

काठावर

माझी पोस्ट थोडी वेगळी आहे. आम्ही एच-१बी या कामाच्या व्हिसावर, मुलगा एच-४ या आश्रिताच्या व्हिसावर. चौथ्या वर्षापासून इथे वाढला. पायस्कूटरपासून तंबूपर्यंत सगळं इथल्याच डोंगरांत केलं. त्यालाही हेच करायचं होतं. अमेरिकॉर्प्ससाठी नागरिक किंवा कायम निवासी असावं लागतं, आणि एच-४ वरच्या मुलाला पगारी काम करताच येत नाही. मित्राबरोबर अर्ज भरायला बसला आणि दुसऱ्या पानावर थांबला. मला म्हणाला, "आई, या डोंगराची पायवाट मी नीट करू शकत नाही का?" मला उत्तर देता आलं नाही.

आता तो शनिवारी विनामोबदला पायवाट-गटाबरोबर जातो. ज्यांच्या मुलांपुढे हा पर्याय आहे त्यांनी 'कुदळ मारणं' म्हणून तो हलका समजू नये, एवढंच सांगायचं होतं.

वाटसरू

काठावर, तुमच्या मुलाला माझा निरोप द्या. दगड बसवायला शिकला की तो कायमचा येतो, पुढे कधीही उपयोगी पडेल.

निशिगंधताईंचा 'पुढे काय' राहिला होता. सार्वजनिक जमिनींवर, पब्लिक लँड्स कोअर या केंद्राच्या कायद्यातल्या तरतुदीखाली ६४० तास काम पूर्ण केलं आणि वय तिशीच्या आत असलं, तर त्यानंतर दोन वर्षं केंद्राच्या उद्यान-वनखात्यांतल्या जागांसाठी खुल्या स्पर्धेबाहेरून अर्ज करता येतो. ही सवलत पुष्कळ मुलांना माहीतच नसते आणि वाया जाते. सगळेच प्रकल्प त्यात बसत नाहीत, त्यामुळे 'माझे तास यात धरले जातील का' हे आधी लेखी विचारायचं.

आणि एक धोका. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने एनसीसीसीच्या मुलांना मुदत संपण्याआधीच घरी पाठवलं. त्याआधी अमेरिकन क्लायमेट कोअर आला आणि गेलाही, २०२३ च्या सप्टेंबरात घोषणा, २०२५ च्या जानेवारीत समाप्त. त्यामुळे एकाच टोपलीत सगळी अंडी ठेवू नका. कॉलेजचा प्रवेश लेखी राखून ठेवा, आणि राज्याचा कोअर असेल तर त्याला आधी पसंती द्या.

चाफेकळी

सहमत. शिवाय राज्याचा कोअर तासाला पैसे देतो. २०२५ साली कॅलिफोर्नियात किमान वेतन तासाला १६.५० डॉलर होतं. श्रीमंत होणार नाही कोणी, पण तो लाकूडकामवाला मुलगा तिथे असता तर कदाचित टिकला असता. ज्यांनी शाळा अर्धवट सोडली आहे त्यांना तिथे काम करता करता हायस्कूलचा डिप्लोमाही पुरा करता येतो. मला वाटतं, निवड करताना हाच निकष लावावा: ज्या मुलाच्या मागे कोणी नाही, तो इथे वर्षभर राहू शकेल का? राहू शकत असेल तर ती जागा आपल्या मुलांसाठीही चांगली.

निशिगंध

सगळ्यांचे खूप आभार. आठ दिवस लिहायला जमलं नाही, कारण घरात बरंच घडलं.

चाफेकळींची पहिली पोस्ट मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, माझे काका असेच शिक्षण सोडून कामाला लागले होते, घरी पैसे पाठवायला. हे इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं. त्यानंतर 'कुदळ' हा शब्द त्याने पुन्हा काढला नाही.

मुलीने राज्याच्या कोअरचा अर्ज भरला आहे. त्यांचं ब्रीदवाक्य तिने फ्रिजवर लावलंय: खडतर काम, कमी पगार, हालअपेष्टा आणि आणखीही बरंच काही. तासांचा प्रश्न आणि गाडी कोण चालवतं हा प्रश्न, दोन्ही तिने मुलाखतीत विचारले. दुसऱ्या प्रश्नावर समोरच्या बाई हसल्या म्हणे, आणि मग नीट पाच मिनिटं उत्तर दिलं.

आता नवा घोर. तिला पायवाटांची नाही, वणव्याची तुकडी हवी आहे. वाटसरू, हे तुम्ही सांगितलं नव्हतं! तिने मला समजावलं, की आग विझली असं दिसल्यावरही तुकडी राखेतून ओळीने फिरते, हातमोजा काढून हाताची मागची बाजू राखेजवळ धरत जाते. ऊब लागली की तिथे खणायचं. म्हणजे बरंचसं काम आग गेल्यानंतरचं असतं, आई, असं ती म्हणाली. मला किती धीर आला ते मी तिला सांगितलं नाही.

त्या कामाची एक चालण्याची चाचणी असते. पाठीवर ४५ पौंड, म्हणजे वीस किलोंच्या वर, आणि तीन मैल ४५ मिनिटांत. पळायचं नाही, चालायचं. आमच्या शाळेच्या मैदानाला बारा फेऱ्या होतात. पाठपिशवीत तिने वडिलांची जुनी इंजिनिअरिंगची पुस्तकं भरली आहेत, वजनाला. पहिल्या दिवशी ५३ मिनिटं लागली आणि खांद्यावर वळ उठले. नवरा रोज संध्याकाळी घड्याळ घेऊन तिच्याबरोबर जातो. आधी कठड्यावर बसायचा, आता शेवटच्या चार फेऱ्या तोही चालतो.

आज ४६ झाली.